चिखलातलं चालणं

“हा नको नेऊ. भिकार हाय,” म्हणत दौलतशेठनी गिऱ्हाइकाच्या हातातला गेमच्या सीडीचा डबा काढून घेतला आणि परत फळीवर ठेवला. गिऱ्हाईक चांगलं मिशीवालं होतं, समोरच्या गोदामात सुपरवायझर. डब्यावरची गाडी काय झकास आहे म्हणाला. दौलतशेठ म्हणाले, चित्र काढणाऱ्याचीच तेवढी कमाल आहे. आतली गाडी भिंतीवर आपटते आणि तिच्या दिव्याला ओरखडासुद्धा येत नाही, मग ती जपून चालवायची कशाला? तो माणूस मुकाट्याने दुसरा गेम घेऊन गेला. मी बाजूच्या खुर्चीत चहा पीत बसले होते. स्वतःचा माल नको म्हणून सांगणारा असा दुकानदार मी जन्मात पाहिला नाही.

मी या दुकानात पहिल्यांदा आले ती भांडायला. कशेळीच्या शाळेत मी शिकवते, आणि माझाच मुलगा अनिमेष शाळा सुटल्यावर या गेमपार्लरमध्ये सापडला, म्हणून पदर खोचून आले होते. दौलतशेठनी मला खुर्ची दिली. तुमचा पोरगा खेळतो तो गेम चांगला आहे म्हणाले, हरला की आपलं काय चुकलं ते त्याचं त्याला कळतं. शाळेत नापास झाल्यावर कळतं का? अनिमेष पुढे शिकायला पुण्याला गेला. मी मात्र शाळा सुटली की अजून येते.

दौलतशेठ आणि त्यांचे थोरले भाऊ चिंधूशेठ यांची खाडीकाठी खाजण जमीन होती, भरतीचं पाणी बांध घालून अडवलेली. चिखलात मांडीपर्यंत उतरून भात लावायचे. मग गोदामं आली आणि जमीन गेली. पैसे मिळाले, रस्त्याला लागून गाळे मिळाले. चिंधूशेठनी आपले गाळे भाड्याने दिले आणि ते ओट्यावर बसून राहिले. दौलतशेठ म्हणत, भाडं घरी येतं ते खरं, पण सकाळी उठून माणसाने जायचं कुठे? म्हणून त्यांनी चार टीव्ही आणून पार्लर टाकलं, विकायला गेमच्या सीडी ठेवल्या. पन्नाशीला आलेला, कबड्डीत गुडघा गेलेला हा माणूस आधी एकेक गेम स्वतः खेळायचा, आणि मगच लोकांपुढे ठेवायचा.

त्यांची पारख सरळ होती. हरल्यावर चूक आपली वाटली तर गेम चांगला, गेमची वाटली तर भिकार. मारामारीच्या गेममध्ये दोघांना भांडायला काही कारण पाहिजे. क्रिकेटच्या एका गेमबद्दल म्हणाले होते की अंपायरने बोट वर करायच्या आत बॅट्समन चालायला लागतो, म्हणजे बनवणारा माणूस सज्जन आहे, पण त्याने क्रिकेट पाहिलेलं नाही. आणि शेवटची कसोटी आमच्या भिवंडीकडची. इथे लाईट कधी जाईल त्याचा भरवसा नव्हता. लाईट परत आल्यावर जो गेम माणसाला होता तिथेच उभा करतो, तो चांगला. जो पहिल्यापासून सुरू करायला लावतो, त्याचं नाव दौलतशेठ काढत नसत. भिवंडीहून, अगदी निजामपुऱ्यातूनसुद्धा पॉवरलूमवरची माणसं शिफ्ट सुटल्यावर येत, ती गेमसाठी कमी आणि त्यांचा शेरा ऐकायला जास्त.

आता सांगते ती गोष्ट दोन हजार सहा सालची. चिंधूशेठची करिष्मा माझी विद्यार्थिनी. ठाण्याला कॉम्प्युटरवर चित्रं हलवायचं शिकली आणि अंधेरीच्या एका कंपनीत लागली. कंपनी परदेशासाठी गेम बनवायची. पोरगी सकाळी सातला बाहेर पडायची आणि घरी यायला रात्र व्हायची. चिंधूशेठ नाक्यावर रिक्षांचे दिवे बघत उभे राहायचे. बाप काही वाईट नव्हता, पण त्याला धसका बसला होता. तेवढ्यात शहापूरकडचं एक स्थळ आलं. करिष्मा नको म्हणाली, नोकरी करायची म्हणाली. घरात आठवडाभर धुसफूस चालली.

शेवटी चिंधूशेठनीच तोड काढली. आम्हा सगळ्यांसमोर, याच दुकानात म्हणाले, “मना गेममधलं काय कळत न्हाय. दौलतला कळतं. हिचा गेम आलाय ना भायेर? तो चांगला हाय असं दौलत बोलला तर हिनं खुशाल जावं. न्हाय तर बस झालं.”

पूर्वी बैल घ्यायचा तर या दोघा भावांचा बाप दौलतला पुढे करायचा. दौलतने बैलाचं तोंड उघडून दात बघितले की बाकी कोणी तोंड उघडत नसे. तशातलीच ही गत. दौलतशेठनी रविवारपर्यंत मुदत मागितली.

करिष्माने गेम आणून दिला. जंगलात शत्रू शोधत फिरणारा एक शिपाई, असलं काहीतरी. तिने काकांना स्वतःच सांगून टाकलं की परदेशातल्या लोकांनी इंटरनेटवर त्याची पार धूळधाण केली आहे. शत्रू भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, म्हणे. आणि एकाने लिहिलं होतं की दलदल आली की हा जवान शिपाई पायाला कुरूप झालेल्या म्हाताऱ्यासारखा चालतो, हे कोणाच्या डोक्यातून निघालं? कंपनीतल्या साहेबांनी ते वाक्य सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं. ते चालणं निघालं होतं करिष्माच्या डोक्यातून. तेवढाच भाग तिच्याकडे होता.

“काका, मला खरं काय ते सांगा,” ती म्हणाली. “बाबांचं नंतर बघू.”

तीन संध्याकाळी दौलतशेठ तो गेम खेळत होते आणि मी बाजूला बसून बघत होते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तो भिकार आहे हे मलासुद्धा कळलं. शिपाई दारात अडकायचा. एकदा लाईट गेली, आणि आली तर गडी पुन्हा जंगलाच्या तोंडाशी. दौलतशेठनी कपाळावर हात मारला.

शनिवारी मी त्यांना म्हणाले, दौलतशेठ, एकदाच खोटं बोला. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. जगात एक वाईट गेम चांगला ठरला तर कोणाचं काय बिघडतं? ते माझ्यावर असे चिडले की चहासुद्धा विचारला नाही. आज घरच्यासाठी खोटं बोललो, तर उद्या माझ्या शेऱ्याला कोण विचारेल, आणि मुळात करिष्माच विचारेल का, असं म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला. कसली मेली तत्त्वं, आणि तीही खेळण्यातल्या शिपायापायी! तणतणतच घरी गेले.

तरी रविवारी दुपारी जेवून दुकानात हजर झाले. शटर अर्धं खाली होतं. करिष्मा काउंटरला टेकून उभी होती, रात्रभर झोपली नसावी. चिंधूशेठ रस्त्याने येताना दिसले. ते येतात तेव्हा लांबून ओळखू येतात. डांबरी रस्त्यावरसुद्धा आधी टाच उचलतात, जरा बाहेर वळवतात, मग पाऊल सोडवून घेतात. गावातले लोक त्यावरून चेष्टा करतात. ते वाकून शटरखालून आत आले आणि बसले.

“बोल,” ते म्हणाले.

“गेम भिकार हाय, दादा,” दौलतशेठ म्हणाले.

करिष्माने मान खाली घातली. मी दौलतशेठकडे असं बघितलं की वर्गातलं पोर असतं तर रडलं असतं. चिंधूशेठ उठले. त्यांनाही आनंद झाला असं काही दिसलं नाही. “झालं तर मग,” एवढंच म्हणाले.

“बस. माजं संपलं न्हाय अजून.” दौलतशेठनी टीव्ही लावला. गेम त्यांनी दलदलीपर्यंत आणून थांबवून ठेवला होता. “गेम भिकार हाय, ते मी बोललो. पण हा माणूस बघ. त्याचे पाय बघ.”

शिपाई दलदलीत शिरला. गुडघ्यापर्यंत बुडाला. मग त्याने टाच उचलली, जरा बाहेर वळवली, थांबला, आणि पाऊल सोडवून घेतलं. पुढचा पाय तसाच. मागून गोळ्या सुटत होत्या, पण त्याला घाई नव्हती. परदेशातला तो माणूस खोटं बोलला नव्हता. लढाईत असं चालून भागत नाही.

चिंधूशेठ उभ्याउभ्याच बघत राहिले. पुढे झाले, टीव्हीजवळ गेले.

“हा आपल्यातला हाय?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच आहात, बाबा,” करिष्मा म्हणाली. “शेवटची लावणी केली तेव्हाचे. मी बांधावर बसलेली.”

चिंधूशेठ पुन्हा खाली बसले, पण या वेळी दौलतशेठच्या शेजारी, टीव्हीसमोर. शिपाई दलदलीच्या मधोमध जायला लागला तसे ते पुढे सरकले.

“मधून नको नेऊ त्याला. रुतंल. बांधाच्या कडंनं घे.”

“ह्याच्यात बांध न्हाय, दादा.”

“बांध न्हाय?” चिंधूशेठनी करिष्माकडे पाहिलं. “खाजण केलंस आन् बांध न्हाय घातलास?”

ती काही बोलणार तेवढ्यात लाईट गेली. टीव्ही काळा झाला, पंखा गरगरत थांबला. अर्ध्या शटरखालून तेवढा उजेड आत येत होता.

“आता?” चिंधूशेठनी विचारलं.

“आता पयल्यापासून,” दौलतशेठ म्हणाले. “भिकार बोललो ते उगाच न्हाय.”

चिंधूशेठ मग उठले. चपला काढून काउंटरखाली सारल्या. दुकानाची फरशी ज्यावर घातली आहे ते त्यांचंच जुनं खाजण, हे मला तेव्हा आठवलं. लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेऊन ते दुकानाच्या मधोमध उभे राहिले.

“टाच अजून भायेर पायजे,” ते म्हणाले. “अशी. न्हाय तर चिखल पायाला सोडत न्हाय. पुढच्या येळेला नीट कर.”

करिष्मा त्यांच्या पायांजवळ फरशीवर बसली आणि परत एकदा चालून दाखवा म्हणाली. ते काउंटरपासून शटरपर्यंत चालत गेले, तिथून वळले आणि परत आले. मी माझी खुर्ची उचलून भिंतीकडे घेतली. त्यांना जागा हवी होती.