बारा मेगापिक्सेलचा म्हातारा

मी कपाटातला कॅमेरा बोलतोय. हसणार नसाल तर सांगतो, माझे मेगापिक्सेल फक्त बारा.

वडगावातल्या राजकुमारच्या लग्नात मी या विणकरांच्या घरी आलो. बारशी, जत्रा, सगळं टिपलं. मग शंभर मेगापिक्सेलचा मोबाईल आला आणि माझी रवानगी जुन्या स्वेटरांखाली झाली. या घराचा हिशेबच तसा. धागे जास्त तितकं कापड भारी, मग मेगापिक्सेल जास्त तितका फोटो भारी!

पण राजकुमारच्या आईनं, बायाक्कानं, हातमागावर विणलेल्या वांगी रंगाच्या दोन साड्या पुण्याच्या गिऱ्हाइकांकडून परत आल्या. ट्यूबलाइटखाली काढलेल्या मोबाईलच्या फोटोत त्या निळ्या दिसल्या होत्या.

"आता तिसरी परत आली की माग मोडायचा," राजकुमार म्हणाला. बायाक्का सुताच्या कांड्या भरत राहिली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी राजकुमारच्या बायकोनं, स्वरूपानं, मला बाहेर काढून चार्जिंगला लावलं.

"बारा मेगापिक्सेल? त्यात काय दिसणार गं?" राजकुमारनं विचारलं.

"साडी घ्यायला आलेली बाई धागे मोजत बसती व्हय? दारात उजेडाला नेऊन रंग बघती. तुमास्नी ठावं न्हाय?"



स्वरूपानं तिसरी साडी दारात, ऊन चुकवून, सकाळच्या उजेडात पसरली. माझं भिंग फुंकरीनं साफ केलं. आधी पांढऱ्या सुताची कांडी समोर धरून पांढरं कशाला म्हणायचं ते मला शिकवलं, आणि मग बटण दाबलं. माझा सेन्सर मोबाईलच्या सेन्सरपेक्षा चांगला ऐसपैस, त्यात उजेड भरपूर मावतो. भिंग चोख. मेगापिक्सेलही लागतात हो, पण भिंतीएवढा फलक छापायचा असेल तेव्हा. वांगी रंग वांगीच उतरला. स्वतःची स्तुती करू नये, पण इतकी वर्षं स्वेटरांखाली काढल्यावर थोडी चालते.

साडी पुण्याला गेली. आठ दिवस पार्सलवाल्याची गाडी वाजली की बायाक्काचा हात मागावर थांबायचा. नवव्या दिवशी स्वरूपानं निरोप वाचून दाखवला, "फोटोत होती तशीच आहे. अजून दोन पाठवा."

बायाक्का मागावरून उठली, मला हातात घेतलं आणि पदरानं माझं भिंग पुसलं. "लई गुणाचं हाय रं हे," ती राजकुमारला म्हणाली.

पदरानं भिंगावर चरे पडतात. तुम्ही मात्र मऊ कापडच वापरा. मी त्या दिवशी मुकाट्यानं पुसून घेतलं, कारण आता तिचा माग मोडणार नव्हता, खटखटतच राहणार होता.