सेन्सॉरबाईंची मंजुरी

देश सोडून पळावं लागलं तेव्हा लेखकाला वाटलं होतं, आता धडाधड लिहू. अडवणारं कोण आहे? त्याने तुरुंगाला तुरुंग म्हटलं, हुकूमशहाला चोर म्हटलं आणि तीनशे पानं प्रकाशकाकडे धाडली. प्रकाशकाने ती परत पाठवली. 'सगळं खरं आहे, पण दहाव्या पानावर झोप लागते. दुसरं काही असेल तर उन्हाळ्यापर्यंत द्या, नाहीतर राहू द्या.'

लेखकाचं तोंड एवढंसं झालं. तिकडे सेन्सॉरच्या डोळ्यांत धूळ फेकण्यात त्याची हयात गेली होती. हवामानाच्या वर्णनात मोर्चा, जेवणाच्या पंगतीत निवडणूक! लपवायचं काही नसलं की त्याची लेखणी चालायचीच नाही.

बायको खालच्या शिंप्याकडे कपडे उसवायचं, बेतायचं काम करायची. ती म्हणाली, "अहो, सेन्सॉरच हवा ना? मी होते."

दर रविवारी ती चष्मा लावून, लाल पेन्सिल घेऊन टेबलाशी बसू लागली. देश, पोलीस, मंत्री बंद. घरची आठवण तर अजिबात नाही.

"हा जुलूम आहे!" लेखक कडाडला.

"लेखी अर्ज करा," बायको म्हणाली.

पहिल्याच गोष्टीत तिने त्याला पकडलं. "हा फुगलेला पाव म्हणजे मंत्री. काढा." पुढच्या रविवारी मंत्री कोटाचं बटण होऊन आला आणि तिच्या नाकाखालून सुटला. लेखक खोलीभर नाचला. प्रकाशकाने कळवलं, 'आता कसं! शेवटची गोष्ट पाठवा, की छापतो.'

शेवटची गोष्ट एका पोचे पडलेल्या पातेल्याची होती. सगळे जेवल्याशिवाय ते शेगडीवरून उतरायचं नाही, आणि उशीर झाला की झाकण आपटायचं. शेवटी वाट बघून बघून ते गार झालं आणि उतरलं.

बायकोने पान दोनदा वाचलं. "नामंजूर."

"अगं, यात कुठंय राजकारण? साधं पातेलं आहे!"

"ही माझी आई आहे."

देश सोडल्यापासून सात वर्षांत तिने आईचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता. तिने पदराने चष्मा पुसला, डोळेही पुसले. मग पान त्याच्याकडे सरकवलं आणि लाल पेन्सिल त्याच्या हातात दिली.

"शेवटची ओळ खोडा," ती म्हणाली. "आपण पोचेपर्यंत ती उतरायची नाही."