बारावी माशी

युस्टेस तुस्कानो वसईचा. धंद्याने शिंपी, आणि दोरा त्याचं ऐकायचा म्हणा ना. रुवीत दुकान, वादी अदाईत एका खोलीचं बिऱ्हाड. आता मस्कतच्या शिंप्याचा आणि कॅनडाच्या नदीतल्या सॅमनचा संबंध काय, असं कुणीही विचारील. संबंध मॅकी साहेबाचा. हा म्हातारा इंजिनियर दर ऑक्टोबरात गावी जाऊन सॅमन आणि स्टीलहेड मासे धरायचा, आणि गळावर बांधायच्या खोट्या माश्या युस्टेसकडून करून न्यायचा. गळाच्या दांडीवर रेशमी दोरा, त्यावर ओमानी झग्यांची सोनेरी जर, जहूर कोंबडीवाल्याकडची पिसं, आणि पंखांना निझव्याच्या बाजारातले काळ्या बकरीचे केस. असली माशी जगात कुठे उडत नाही, पण सॅमन तिच्यावर झडप घालतो.

२००१च्या फेब्रुवारीत युस्टेसची बायको लिलियन गेली. शवपेटी वसईला नेऊन, माती देऊन तो परत आला. ऑगस्टात साहेबाची नेहमीची ऑर्डर आली, तेव्हा दुपारच्या सुट्टीत घरी पडदा ओढून त्याने बारा माश्या बांधल्या. पंखांसाठी कपाटावरचा निळा बिस्किटांचा डबा काढला. आतले केस गुंतले होते, ते जवळच पडलेल्या लिलियनच्या फणीने विंचरले. हाताला मऊ लागले. यंदा माल बरा मिळालाय, म्हणून स्वारी खूशही झाली.

दुसऱ्या दिवसापासून आवाज सुरू झाला. दुपारी एक ते चार दुकानं बंद, सगळी गल्ली झोपलेली, आणि आरशाजवळ कुणीतरी केस विंचरतंय. सर्र, थांब, सर्र. गाठ लागली की लिलियन थांबायची, तसंच. युस्टेस उठून बघायचा. फणी जागेवर, खोलीत कोणी नाही. पहिले चार दिवस त्याने रोझरी धरली. पाचव्या दिवशी धरली नाही. खरं सांगायचं तर तो दुपारची वाट बघू लागला होता.

सप्टेंबर सरताना वसईहून सासूचा फोन आला. "तू नोव्हेंबरात मृतांच्या मिसाला येतोयस ना? मग लिलियनची गुंतवळ घेऊन ये."

फणीत येणारे केस लिलियन कधी टाकायची नाही. गुंडाळी करून डब्यात ठेवायची, सुट्टीत वसईला न्यायची आणि केसांवर भांडी देणाऱ्या बाईला द्यायची.

"आता कशाला ती, आई?"

"बाई गेली की तिचे केस मागे ठेवू नयेत. पायदळी पडले, परक्याच्या हाती गेले, तर ती शोधत बसते. आण, कबरीत घालू."

युस्टेसने कपाटावरचा डबा काढला. भरगच्च होता, पण आत निझव्याची बकरी. त्याच्यामागे तस्साच दुसरा निळा डबा होता. तो जवळजवळ रिकामा, तळाशी दोन-चार गुंडाळ्या. बायकोचे केस विंचरून त्याने गळाला बांधले होते, वर पैसेही घेतले होते. आणि साहेबाचं विमान उद्या सकाळी होतं.

टॅक्सी करून तो कुरुमला साहेबाच्या घरी पोचला. साहेब टेबलावर माश्या मांडून निवडत बसला होता. चाळीस तरी असतील, तीन वर्षांच्या, निम्म्या काळ्या पंखांच्या.

"ये युस्टेस. यंदाच्या तुझ्या काळ्या माश्या पहिल्या नंबरच्या आहेत," साहेब म्हणाला.

"साहेब, त्याच परत हव्यात. दोरा कच्चा लागलाय. मासा तोडून नेईल."

उभ्या जन्मात त्याने स्वतःच्या हाताची अशी बदनामी केली नव्हती. साहेबाने खांदे उडवले आणि टेबलाकडे बोट दाखवलं. युस्टेस एकेक काळी माशी खिडकीत धरून बघू लागला. बकरीचा केस उन्हात काळाच राहतो. लिलियन पांढऱ्या केसांना मेंदी लावायची, केसांच्या टोकांना तांबूस झाक यायची. एक, दोन, सात, बारा. बाराही मिळाल्या.

"तुला ठाऊक आहे?" साहेब मागून म्हणाला. "समुद्रातून नदीत शिरलेला सॅमन काही खात नाही. उपाशीच घरी जातो. तरी माशीला तोंड लावतो. का, ते कुणाला सांगता येत नाही. काहीतरी आठवत असेल."

युस्टेस माश्या रुमालात बांधून घरी आला.

तीन वाजले होते. फणी चालू होती. त्याने खाली बसून ब्लेडने पहिल्या माशीचा दोरा कापला आणि केस डब्यात ठेवले. दुसरीचा कापला. तिसरीचा. सहाव्या माशीनंतर आवाज बारीक झाल्याचं त्याच्या ध्यानात आलं. नववीनंतर तो कान देऊन ऐकू लागला. अकरावीचे केस डब्यात गेले, तेव्हा दोन सर्रमध्ये इतका वेळ जात होता की तो श्वास धरून बसायचा.

बारावी त्याच्या हातात राहिली.

लिलियनला आता शांत झोप लागणार होती, आणि त्याला तेच नको होतं. तिने सुटावं म्हणून टॅक्सी करून धावलेला हाच माणूस, पण तिच्याशिवायची दुपार त्याला बघवत नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली. तरी ब्लेड खाली ठेवून त्याने रेशमाची रीळ काढली, माशीवर आणखी तीन वेढे घेतले, गाठ मारली, वर वार्निश लावलं.

पहाटे साहेब गाडीत सामान चढवत असताना तो पुन्हा कुरुमला हजर झाला. "ही घ्या. हिचा दोरा पक्का आहे. पण साहेब, ही हरवू नका, परत आणा."

महिन्याभराने वसईच्या दफनभूमीत सासूने डबा हातात घेऊन विचारलं, "सगळे आणलेस ना रे?"

"सगळे, आई," युस्टेस म्हणाला.

मस्कतला परतला त्या दुपारी त्याने पडदा ओढला आणि आरशासमोर स्टूल ठेवून वाट बघत बसला. अडीचच्या सुमाराला आवाज आला. सर्र, थांब, सर्र. पण केस ओले असावेत, तसा जड. लिलियन रविवारी न्हाल्यावर विंचरायची तेव्हा यायचा तसा. त्याने फणी उचलली. ती बर्फासारखी गार होती, आणि तिच्या दातांतून नदीचं पाणी गळत होतं.