पोत्याच्या पोटातला दाणा

एक विचारू? समोर दोनशे पोती धान उभं आहे. विकणारा हसून बोलतोय, वरचा दाणा उन्हात चमकतोय, आणि शेजारी उभा असलेला ओळखीचा माणूस म्हणतोय, "घ्या हो, मी सांगतो ना!" तुम्ही विश्वास कोणावर ठेवाल?

मी कोणावरच ठेवत नाही. मी आत जाऊन बघते. मी परखी बोलतेय, गोंदियातल्या एका राईस मिलची. हातभर लांब, पुढून टोकदार, अंगाला पन्हळीसारखी खोलगट. मला पोत्यात खुपसायचं आणि ओढायचं, की मधला मूठभर दाणा माझ्याबरोबर बाहेर येतो. एवढाच माझा धंदा. टेका जरा. हात असते तर चहा सांगितला असता.

आत काय दिसतं, असं मला कोणी विचारत नाही. पण सांगते. आत ऊबदार अंधार असतो. धान तिथे झोपलेलं असतं आणि झोपेत पुटपुटत असतं. कामठ्याच्या पोत्यात शिरले की मला बांधावरचं गवत हलताना दिसतं. बोदलकशाच्या बाजूचं पोतं असलं की तलावावरचा गार वारा अंगाला लागतो, दूर एक होडी दिसते, होडीत जाळं आवरणारा माणूस. बाहेर ओढलं की सगळं विरतं. उरतात ते मूठभर दाणे.

माझा पहिला मालक छोटेलाल, धान्याचा व्यापारी. शाळा चौथीपर्यंत, पण नजर अशी की पोतं पाठीवर असतानाच वजन सांगायचा. एकदा मुलीसाठी स्थळ बघायला गेला तेव्हा मला पिशवीत घालून घेऊन गेला. मुलाकडच्यांनी कौतुकानं धानाची कोठी दाखवली, काठोकाठ भरलेली. सगळे चहाला वळले तसं छोटेलालनं मला कोठीत खोल खुपसलं. वर वीतभर धान, खाली नुसता कोंडा! चहा पिऊन, नमस्कार करून तो उठला आणि पुन्हा त्या गावाला गेला नाही.

छोटेलाल थकला तेव्हा त्यानं मला या मिलच्या ओमेश्वरच्या हाती दिलं. ओमेश्वर इथला इंजिनिअर. बावीस वर्षं मिलची यंत्रं त्याच्या बोटांवर चालतात. पण त्याचं नाव यंत्रांमुळे नव्हतं, दातामुळे होतं. धान किती ओलं हे तो दाणा उजव्या दाढेखाली फोडून सांगायचा. "साडेतेरा." "पंधरा." चौदा टक्क्यांपेक्षा ओलं धान यंत्रात घातलं की तांदूळ तुटतो, कणी होते. म्हणून त्यानं "चढवा" म्हटल्याशिवाय पोतं हलत नसे.

मागच्या वर्षी इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजानं योजना काढली. शेवटच्या वर्षाच्या एकेका विद्यार्थ्यामागे नोकरीतला एक इंजिनिअर, दर शनिवारी दोन तास. त्याला मेंटर म्हणायचं. ओमेश्वरच्या वाट्याला कामठ्याची दुर्गेश्वरी आली. बसनं यायची, पाठीवर बॅग, बॅगेत तिनं स्वतः जोडलेला ओलावा मोजायचा मीटर. मिलचे शेठ तो बघून खूश झाले. म्हणाले, "मार्चमध्ये ठरवू, मीटर बसवायचा का ओमेश्वरचा दात चालू ठेवायचा."

ते हसत म्हणाले. ओमेश्वर हसला नाही.

पहिल्या दिवशी दुर्गेश्वरीनं पोत्याच्या तोंडातून मूठभर धान उचललं आणि मीटरमध्ये ओतलं.

"वरून घेतलं?" ओमेश्वर म्हणाला. "वरचं धान पाहुण्यांसाठी असते, पोरी. मधलं घे. मग बोल."

त्यानं मला तिच्या हातात दिलं. तिनं इतक्या हळू खुपसलं की मला गुदगुल्या झाल्या.

तीन आठवडे तिचा मीटर वेड्यासारखा वागत होता. ड्रायरमधून निघालेलं धान मोजलं की आकडा भलताच यायचा. ती रडवेली झाली, सगळ्या तारा उसकटायला निघाली. ओमेश्वरनं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. "हे गरम आहे. गरम धान खोटं बोलते. सुपात घे, सावलीत ठेव, हाताला गार लागू दे." मीटर ताळ्यावर आला.

मग शनिवारची वाट कोण जास्त बघत होतं, सांगता येणार नाही. ओमेश्वर घरून जुनं पुस्तक आणू लागला, वीस वर्षांत न उघडलेलं. एकदा हळूच म्हणाला, "तो ग्राफ पुन्हा समजव ना. मोबाईलवर कसा काढतात?" ती समजवायची, तो चष्मा पुसून पुसून बघायचा. मी बाजूला पडून, अंगावर उडणारा कोंडा उन्हाच्या पट्ट्यात तरंगताना बघायचे.

दुर्गेश्वरीची एक वही होती. त्यात तीन रकाने: सरांचा दात, माझा मीटर, आणि ओव्हन. ओव्हन म्हणजे खरं उत्तर. दाणे तोलून भट्टीत वाळवायचे, पुन्हा तोलायचे, घटलं तेवढं पाणी. दिवाळीपर्यंत तिन्ही रकाने गळ्यात गळे घालून चालत होते.

दिवाळीनंतर ओमेश्वरनं दाणा फोडला आणि मला वेगळाच आवाज आला. आधी 'कट्' यायचा. आता 'टक्'. धातूचा आवाज मला नाही कळणार तर कोणाला कळणार? त्याच्या दाढेवर टोपी बसली होती. टोपीला दाणा कळत नाही, तिला सगळंच कडक लागतं. ओमेश्वर प्रत्येक पोतं कोरडं सांगू लागला. कणी वाढली. त्यानं दोष यंत्राला दिला, साल काढणारे रबर रोल बदलले, एकदा नव्हे, दोनदा.

दुर्गेश्वरीला कळलं होतं. पण तिनं काय केलं? ती वही उघडायची, मला पानावर दाब म्हणून ठेवायची आणि ओव्हनचा आकडा आला की सरांचा आकडा खोडरबरानं पुसून त्याच्या जवळचा लिहायची. माझ्याच अंगाखाली, बघा.

मग पौषातली ती शनिवारची सकाळ. अंगणात धुकं इतकं दाट की पोती पांढऱ्या पाण्यात बसल्यासारखी दिसत होती. बोदलकशाकडचा दोनशे पोत्यांचा माल, शेठना आजच यंत्रावर चढवायचा होता. ओमेश्वरनं मला आत घातलं. आत दव होतं, तलाव होता, ओलीचिंब झोप होती. मी ओरडले असते.

टक्. "चौदा. चढवा."

हमाल मोनूनं पोतं खांद्यावर घेतलं. दुर्गेश्वरीच्या मीटरवर सतरा होतं.

"सर, थांबा. मीटर सतरा दाखवून राहिला."

"ओ पोरी," झाडलोट करणारी मंदाबाई म्हणाली, "सरचा दात खोटा बोलत नाही. खोटं माझा नवरा बोलते!"

ओमेश्वरचा चेहरा उतरला होता. "दोन महिने मी बरोबर, अन् आजच चुकलो? आण ती वही."

त्यानं पानं उलटली. एकदा, पुन्हा एकदा. "मागच्या शनिवारी मी साडेतेरा बोललो. इथं सोळा कायले लिहिलं?"

"सर... वही कॉलेजात जाते. शेठही बघतात. तुम्ही चुकले असं कसं लिहू?"

"म्हणजे वर चांगलं, आत ओलं. फसवं पोतं भरलं तू माझं!" तो पोत्यावर बसला. मला हातात फिरवू लागला. "अन् मी तरी काय केलं? दिवाळीपासून टोपी आहे दाढेवर. मला माहीत होतं. रोल बदलत राहिलो. दात गेला तर या मिलमध्ये मी कोण, सांग."

दुर्गेश्वरी त्याच्यासमोर उकिडवी बसली. "सर, गरम धान खोटं बोलते, हे तुम्हाला दातानं सांगितलं होतं का?"

धुक्यात कुठेतरी रेल्वेची शिट्टी विरघळली. मोनूनं पोतं हळूच खाली ठेवलं.

ओमेश्वर उठला आणि सरळ शेठच्या खोलीत गेला, मी हातातच. "शेठ, माल ओला आहे. अन् माझी दाढ नकली आहे."

शेठ चक्रावले. "तो अब सच कौन बताएगा?"

ओमेश्वरनं मागोमाग आलेल्या दुर्गेश्वरीकडे बोट दाखवलं. "ही सांगेल. मी विचारीन."

दोनशे पोत्यांचं धान चार दिवस ड्रायरमधून काढून, अंगणात पसरून वाळवलं. तांदूळ अख्खा निघाला. माल थांबवला त्याच संध्याकाळी दुर्गेश्वरी पानं फाडून नवी वही करायला निघाली होती; ओमेश्वरनं हात धरला. "फाडू नको. रेघ मार. बाजूला खरं लिही." कॉलेजात प्रोजेक्टचे परीक्षक सगळ्यात जास्त वेळ त्याच पानांवर थांबले म्हणे.

आता मिलमध्ये मीटर आहे. त्याच्या शेजारच्या खिळ्यावर मी. टोक बोथट झालंय, पण पोत्याच्या पोटात अजून मलाच जावं लागतं. दुर्गेश्वरी ड्रायर बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला लागली. शनिवारी तिचा फोन येतो, "सर, एक अडलंय." ओमेश्वर म्हणतो, "माझंही अडलंय, पहिले माझं सांग." परवा गुंजन नावाची नवी विद्यार्थिनी आली. तिनंही पोत्याच्या तोंडातून मूठ भरली. ओमेश्वर गालातल्या गालात हसला आणि आधी तिच्यापुढे ती रेघा मारलेली वही उघडली.

तर माझं मागणं एवढंच. तुम्हीही कोणाकडून शिकत असाल, कोणाला शिकवत असाल. त्याची एक वही ठेवा. दिलं किती, घेतलं किती, चुकलो कुठे, सगळं लिहा. चुकीवर रेघ मारा, पण ती दिसू द्या. आणि आकडा लिहिण्याआधी हात आत घाला, कोपरापर्यंत.