उलटटीप घातलेला पट्टा

अशी कल्पना करा, की तुम्ही एका जुन्या गाडीच्या मागे उकिडवे बसला आहात. हनुवटी गुडघ्यांवर टेकलेली. पुढे गाडीत कुणीतरी ब्रेक दाबणार आहे आणि मागचे लाल दिवे लागले की नाही, हे ओरडून सांगायचं काम तुमचं आहे. ब्रेक दाबणाऱ्याला स्वतःच्या गाडीची पाठ दिसत नाही. आपल्याला तरी आपली कुठे दिसते? म्हणून मागे बसणारा माणूस लागतोच.

बसलात? आता थोडं सरका, कारण ही जागा सुतळीची आहे.

सुतळी म्हणजे लांब हातापायांची एक बारीकशी मुलगी. गाडी तिच्या आत्याची. आत्या घरोघरी जाऊन शिलाई मशीन दुरुस्त करायची आणि तिथल्या तिथे होण्यासारखं नसेल ते मशीन मागच्या सीटवर टाकून घरी आणायची. तिच्या हत्यारांच्या पिशवीचा बंद केव्हाच तुटला होता. त्यामुळे ती पिशवी तान्ह्या बाळासारखी कडेवर घेऊन हिंडायची.

दुसऱ्या दिवशी गाडी पासिंगला न्यायची होती. गाडी रस्त्यावर चालवण्याच्या लायकीची आहे की नाही, हे तपासणी केंद्रात बघतात, त्याला पासिंग म्हणतात. सुतळीचे बाबा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, सकाळीच म्हणाले होते, "ताई, या खेपेला गाडी नापास झाली तर सरळ भंगारात. तू ती कारखान्यातली नोकरी धर."

कारखाना दूरच्या गावात होता. नोकरी धरली की आत्या तिकडेच राहणार आणि सुट्टीपुरती घरी येणार. हे ऐकल्यापासून सुतळी आत्याला सोडून हलली नव्हती.

"लागला का गं?" आत्यानं आतून विचारलं.

"उजवा लागला! डावा झोपलाय!"

आत्यानं डावा बल्ब काढला, त्याचं बूड फडक्यानं घासून पुसलं आणि परत बसवला. "आता?"

"उठला!"

मग टायर. आत्यानं काडेपेटीतली एक काडी सुतळीच्या हातात दिली. "टायरच्या खाचेत उभी धर. गुलाची टोपी आत बुडाली तर टायर चांगला. वर डोकावली, तर टायर टकला झाला म्हणायचं, तुझ्या बाबासारखा."

"मला ऐकू येतंय," खिडकीतून बाबांचा आवाज आला.

"तुला ऐकू यावं म्हणूनच बोलतेय."

"गाडी आहे का काय ती! एक ना धड, भाराभर चिंध्या!"

"असू देत चिंध्या. मी शिवते!" आत्या म्हणाली आणि वायपरची रबरं पुसायला लागली.

आतली झाडलोट सुतळीकडे होती. सीटच्या फटीतून तिनं बटणं, सुया, एक बॉबिन काढलं. मग तिनं मागच्या सीटचा पट्टा ओढला आणि तिचा हातच थांबला. मशीनच्या लोखंडी पायाला घासून घासून पट्टा एका कडेनं विरला होता. कापसासारखे धागे बाहेर आले होते.

झालं, गाडी यातच नापास होणार!

पण ही मुलगी शिवणाऱ्यांच्या घरातली. फाटलेलं टाकायचं नाही, शिवायचं, हे ती बोलायला लागायच्या आधी शिकली होती. तिनं आत्याचा जाड नायलॉनचा दोरा घेतला, बोटात अंगुस्तान घातलं आणि जीभ दातात धरून उलटटीप घालत गेली. पुढे एक टाका, मागे अर्धा. जिथे पट्टा विरला होता तिथे टाके आणखी जवळजवळ घातले.

आत्यानं पट्टा उजेडात धरला. बोटानं टाके चाचपले. "तू शिवलास? अगं, एकसुद्धा टाका वाकडा नाही! माझ्या हाताखाली आता तुला ठेवायला हरकत नाही."

सुतळीची छाती अशी फुगली, की फ्रॉकचं बटण तुटायचं बाकी राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाबाही बरोबर आले. तपासनीसबाई कामाच्या बाबतीत फार काटेकोर होत्या. त्यांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, गाडीखाली वाकून पाहिलं, हॉर्न वाजवायला लावला. सगळ्याला होकारार्थी मान डोलावली. मग मागचा पट्टा ओढला आणि डोळ्यांजवळ नेला.

"शिलाई कुणाची?"

"माझी," सुतळी पुढे झाली.

"सुंदर आहे. पण हा पट्टा चालणार नाही."

"का? शिवलेलं जास्त घट्ट होतं!"

बाई रागावल्या नाहीत. त्या तिच्यासमोर बसल्या. "सदऱ्याचं होत असेल. हा पट्टा वर्षभर नुसता लोंबतो. पण गाडी एकदम थांबली, की त्या एका क्षणात त्याला आख्ख्या माणसाला धरून ठेवायचं असतं. तू जितक्या वेळा सुई घातलीस, तितकी भोकं त्याला पडली. आणि विरलेले धागे आत विरलेलेच आहेत. तू फक्त त्यांच्यावर पांघरूण घातलंस. इथे कोण बसतं?"

"मीच."

आत्याचा चेहरा उतरला. "मी टाके बघत बसले," ती हळूच म्हणाली. "पट्टा बघितलाच नाही."

"बाकी सगळं ठीक आहे," बाई उठत म्हणाल्या. "पट्टा नवा बसवा आणि पुन्हा दाखवायला आणा."

बाबांनी घसा खाकरला. "म्हणजे, ताई, नापासच की."

आता काय होणार, हे सुतळीला ठाऊक होतं. तिनं बाबांची बाही धरली. "बाबा, तू काय म्हणाला होतास? गाडी नापास झाली तर. हो ना? गाडी कुठे नापास झाली? दिवे पास, ब्रेक पास, टायर पास. नापास मी झाले! मला घाल भंगारात!"

तपासनीसबाईंनी हसू लपवायला तोंड फिरवलं. बाबांनी मुलीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, मग टकलावरून हात फिरवला.

"तुला कोण घेणार भंगारात? वजनच भरायचं नाही," ते म्हणाले. "ताई, पट्टा कुठे मिळतो ते सांग. मी आणतो."

आणि आणलाही. बाबांनी बोल्ट आवळले, आत्यानं चुका काढल्या, दोघं भावंडं लहानपणासारखी भांडली आणि पट्टा बसला. गाडी पुन्हा दाखवायला नेली, तेव्हा बाईंनी तो झटका देऊन ओढला. पट्टा जागच्या जागी घट्ट अडकला. गाडी पास झाली. कारखान्याचं नाव मग कुणी काढलं नाही.

आणि सुतळी? घरी आल्यावर तिनं जुना पट्टा मांडीवर घेतला. विरलेला भाग कात्रीनं कापून टाकला, स्वतःचे सुंदर टाकेसुद्धा. उरलेला चांगला पट्टा आत्याच्या पिशवीला लावून दोन्ही टोकांना उलटटीप घातली.

"ओझं पेलेल ना?" आत्यानं विचारलं.

"हत्यारांचं पेलेल. माणसांना नवाच लागतो."

आत्यानं पिशवी खांद्याला अडकवली. दोन्ही हात मोकळे झाले आणि त्यांचं करायचं काय, हेच तिला क्षणभर सुचेना. सुतळी मात्र तोवर गाडीच्या मागे जाऊन उकिडवी बसली होती, हनुवटी गुडघ्यांवर टेकून.

"आत्या," ती ओरडली, "चल, दाब ब्रेक!"