चालीचा तिसरा तुकडा

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी, पायाने भाता दाबून वाजवायची हार्मोनियम आहे. एक अजरामर चाल माझ्या सुरांतून जन्मली आणि सातारा-सांगलीच्या हजारो रसिकांनी ती ऐकली. ऐकताना ते बहुधा बसायला जागा शोधत असत.

मिरजेच्या नाथाजी सुतारांनी मला सागवानात घडवले. आधी मी नाटक कंपनीत होते. कंपनी बुडाली, तेव्हा आप्पासोंनी मला आणि माझे वादक गंगाधरपंत यांना, दोघांनाही आपल्या तंबूतल्या सिनेमासाठी उचलले. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. तंबू आज वडूजला, तर पुढच्या महिन्यात म्हसवडला.

"पंत, खेळ सुरू व्हायची एक चाल बांधा," आप्पासो म्हणाले. "कर्ण्यातनं वाजली की रानातला गडी भाकरी टाकून पळत आला पायजे."

पंतांनी चार तुकड्यांची चाल बांधली. पहिल्या तुकड्याला माणसे पळत सुटत. दुसऱ्याला तंबू भरे, आणि लगेच इंजिनवाला ज्ञानू दिवे घालवून पडद्यावर चित्र सोडी. तिसरा तुकडा पंतांनी पत्नी गेल्यावर केला होता, जीव ओतून. तो कुणी कधी ऐकलाच नाही. दुपारी रिकाम्या तंबूत पंत तो वाजवत आणि मी ऐकत असे. आता वाद्यच श्रोता झाल्यावर टाळ्या कुणी वाजवायच्या?

एकदा म्हसवडच्या यात्रेत तंबू खच्चून भरला, पण लोणंदहून यायचे रिळांचे डबे काही येईनात.

"पंत, वाढवा जरा," आप्पासो कुजबुजले, "न्हाईतर लोक खांब उपटत्यात."

पंतांनी धोतर सावरले. तिसरा तुकडा सुरू झाला तशी कुजबुज थांबली. पंत माझा भाता पायांनी जपून दाबत होते. चौथा तुकडा संपला आणि तंबू टाळ्या-शिट्ट्यांनी दणाणला. पंत उठले. हात जोडून, भरल्या डोळ्यांनी वाकले.

लोकांच्या माना मात्र दाराकडे होत्या. तिथून रिळे आणायला गेलेले नानासो डबे डोक्यावर घेऊन आत येत होते.

पंत थोडा वेळ वाकलेलेच राहिले. मग खाली पडलेले काही शोधत असल्यासारखे चाचपडले आणि बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरे हाकत निघालेली दगडाबाई तंबूपाशी थांबली.

"आवं पेटीवालं, कालचं त्ये मधलं लय ग्वाड हुतं. माजी गेलेली लेक आठवली बगा. कुनी बांदलं म्हनायचं?"

"मीच, बाई."

"गप बसा! म्हातारीची थट्टा करता व्हय? त्ये मुंबैवरनं येत आसंल."

पंत हसले. "हो, तिकडूनच येतं."

ती तिसरा तुकडा गुणगुणत मेंढरांमागे गेली. धुरळा बसेपर्यंत पंत उभे होते.

पुढे आप्पासोंनी ग्रामोफोन आणला. पंत मला घेऊन साताऱ्याला भाचीकडे, क्षमाताईंकडे आले आणि तिथेच वारले. आता मी क्षमाताईंच्या माजघरात असते. चाल कुणाला येत नाही. मला येते, पण मला कुणीतरी वाजवावे लागते.

मित्रांनो, जुनी वाद्ये जपा, चाल बांधणाऱ्याचे नाव विचारा, असा उपदेश मी करणार होते. ते सवडीने करा. सध्या माझ्या डोक्यावर लोणच्याची बरणी आहे, तेवढी उतरवा. तेल आत झिरपतंय.