दार लागलं म्हणजे निघालं

दोन शहरांतलं अंतर अकराशे किलोमीटर, आणि हवेतला वेळ एक तास पस्तीस मिनिटं. मिनिटरावांना हे तोंडपाठ असणारच. विमान कंपनीचं वेळापत्रक बसवण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती, आणि हे नावही ऑफिसातल्यांनीच ठेवलं होतं.

त्यांचा एक लाडका नियम होता. दार लागून विमान जागेवरून हललं, की ते निघालं असं लिहायचं. मग ते रांगेत तासभर का उभं राहीना, कंपनी वेळेवर! या अकलेबद्दल साहेबांनी त्यांची पाठही थोपटली होती.

आज नऊला दार लागलं, विमान जरा मागे सरकलं, आणि मिनिटरावांनी सवयीनं बहिणीला कळवून टाकलं, "ताई, निघालो. आईला सांग, साडेअकरापर्यंत हॉस्पिटलात पोचतो."

आता साडेदहा वाजले होते आणि विमान अजून जमिनीवरच होतं. धावपट्टीवर कुणाचं तरी विमान टायर फुटून बसलं होतं. मागे फिरावं तर या विमानाची उभं राहायची जागा दुसऱ्या विमानाला दिलेली; ती करामतही मिनिटरावांचीच. त्यांची सीट मधली. खिडकीकडचा गृहस्थ घोरत त्यांच्या खांद्यावर कलत होता, अलीकडच्या बाईंची पिशवी त्यांच्या पायांवर आली होती. ते दोनदा उठले, एअर होस्टेसनं दोनदा गोड हसून खाली बसवलं. "दार उघडता येईल का हो?" असं विचारल्यावर तर आजूबाजूचे त्यांच्याकडे टकमका बघायला लागले. जीव नुसता घुसमटत होता.

तेवढ्यात ताईचा फोन आला.

"फोन लागला, म्हणजे उतरलास ना?"

"ताई, विमान उडालंच नाहीये अजून."

"अरे देवा! आईचं आतडं पिळलंय, डॉक्टर म्हणतात आत्ताच्या आत्ता ऑपरेशनला घ्यायला हवं. आणि ही सही करेना. म्हणते, तो वाटेत आहे, एकदा त्याचं तोंड बघते, मग काय कापायचं ते कापा. कधी उडेल रे?"

आयुष्यात पहिल्यांदा मिनिटरावांना वेळ सांगता येईना.

"तू समजूत काढ ना तिची."

"काढून काढून दमले. अडकलाय म्हटलं तर म्हणेल, थांबते. तुला माहीत नाही का ती?"

माहीत होतं. मुलगा वाटेत आहे म्हटल्यावर ती दुखणं सोसत दिवसभर ताटकळली असती.

"तिच्या कानाला फोन लाव," ते म्हणाले.

"आलास का रे?" आईचा आवाज पार खोल गेला होता.

"आई, मी निघालोच नाही. ऑफिसात काम आलं, साहेबांनी सोडलं नाही. आज काही जमत नाही. तू सही कर."

आता ही चिडेल, निदान खोटं बोलतोस म्हणेल, असं त्यांना वाटलं. तेवढं म्हणाली असती तर त्यांनी सगळं कबूल केलं असतं.

"बरं," आई म्हणाली. तिला राग आला नव्हता, नवलही वाटलं नव्हतं. "ताई, पेन दे. तो यायचा नाही."

फोन बंद झाला. गेली चार वर्षं आईनं बोलावलं की त्यांनी दर वेळी हेच कारण सांगितलं होतं, आणि तेव्हा ते खरं होतं. मिनिटराव दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले. शेजारच्या बाईंनी पिशवी हळूच आपल्याकडे ओढून घेतली.